‘नाशिकची पोरे’ कोणाची?

नाशिक शहरास इतिहासाचा तुटवडा नाही. रामाने येथे पर्णकुटी बांधली, गोदावरीने कुंडे दिली, पेशवाईने देवळे आणि घाट उभे केले. 1909 साली विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली गेली. 1930 साली काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. कुंभमेळा भरला म्हणजे तर इतिहास आणि पुराण ही दोन्ही एकाच डुबकीत उरकली जातात. एवढे सगळे पाहुण्याला सांगून झाले की नाशिककर दमतो, रिक्षात बसतो आणि शरणपूर रस्त्याने घरी जातो. त्या रस्त्याला शरणपूर हे नाव का पडले, कोण कोणाला शरण आले होते, हे मात्र तो स्वतःला विचारीत नाही.

मला या लेखात भांडावयाचे आहे ते या न विचारण्याशी.

हल्ली सुखवस्तू घरांतील तरुण मुलामुलींना सेवेची एक नवी वाट सापडली आहे. सुटीत चार-सहा आठवडे आफ्रिकेतील एखाद्या मठात, अनाथाश्रमात किंवा मिशनच्या शाळेत जाऊन राहावयाचे. पहाटेच्या घंटेला उठावयाचे, मुलांना चार इंग्रजी शब्द शिकवावयाचे, भांडी घासावयाची, भाजीचे वाफे खणावयाचे. आणि परत आल्यावर ‘त्या दिवसांनी मला बदलून टाकले’ असे लिहावयाचे. जाणाऱ्यांनी खुशाल जावे. वाफे खणण्याने कोणाचे वाईट होत नाही. माझी तक्रार आहे ती त्यामागच्या कल्पनेबद्दल. सेवा नेहमी इकडून तिकडे जाते आणि तिकडून येते ती फक्त कृतज्ञता, अशी ती कल्पना आहे. ज्ञान आपले, अज्ञान त्यांचे. घड्याळ आपले, वेळ त्यांचा. ही कल्पना दुसऱ्या कोणत्याही गावाने बाळगली तर एक वेळ क्षम्य ठरेल. नाशिकने ती बाळगणे म्हणजे घरातली वही न वाचता शेजाऱ्याला हिशेब शिकविणे होय. कारण दीडशे वर्षांपूर्वी पहाटेच्या घंटेला उठणारे तरुण आफ्रिकेचे होते, आणि तो आश्रम नाशिकात होता.

हकीकत थोडक्यात अशी. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून, गलबतांत भरून, झांझिबारला, अरबस्तानात आणि इराणच्या आखातात विकली जात. इंग्रजांचे आरमार अशी काही गलबते पकडी. त्यात केवळ भूतदयाच होती असे नव्हे. सोडविलेल्या माणसांच्या संख्येवर खलाशांना बक्षीस मिळे. गलबतात सापडलेल्या पोरांचे करावयाचे काय, हा पुढला प्रश्न. पुष्कळांना मुंबईस आणून उतरविण्यात आले. त्यांचा गाव कोठे, आई कोठे, हे शोधीत बसण्यास कोणास सवड नव्हती. काही मुले मिशनांच्या हवाली झाली. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 च्या सुमारास नाशिकच्या बाहेर शरणपूर नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली होती. तेथे या मुलांसाठी ‘आफ्रिकन असायलम’ निघाले. विल्यम सॉल्टर प्राइस हा पाद्री तेथला कारभारी. आश्रयाला आलेल्यांचे नगर ते शरणपूर. पण मराठीत ‘शरण’ या शब्दाला दुसरेही एक टोक आहे, ते या मुलांना नक्कीच टोचले असेल.

तेथला दिवस कसा जाई? प्रार्थना, धडे, आणि मग कारखाना. सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम असले हातचे धंदे मुलांना शिकवीत; मुलींना शिवणटिपण आणि घरकाम. इंग्रजी लिहावयास-वाचावयास शिकवीत, हिंदुस्थानी तर कानावर पडून येतच होती. नाव मात्र पहिल्या झपाट्यात बदलले जाई. याओ, मकुआ असल्या जमातींत जन्मलेल्या पोरांची नावे झाली सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. त्यांतली प्राइस आणि आयझेनबर्ग ही आडनावे तर सरळ त्यांच्या पाद्र्यांचीच आहेत. मूळ नाव विचारून ते नोंदवून ठेवणारा एखादा कारकून भेटता, तर आज किती घरांच्या वंशावळी पुऱ्या झाल्या असत्या! तेव्हा कोणी विचारले नाही. आपणही आज विचारीत नाही.

1865 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला. आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासासाठी त्याला माणसे हवी होती. नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. 1866 च्या वसंतात ही मंडळी रोवुमा नदीच्या बाजूने आत शिरली तेव्हा त्यांत तेरा हिंदी शिपाई होते, योहाना बेटावरचे दहा जण होते, आणि हे नऊ नाशिककर होते. काही महिन्यांत शिपायांना परत पाठवावे लागले. योहानाचे लोक पळाले, आणि झांझिबारला जाऊन त्यांनी लिव्हिंग्स्टन मेल्याची थाप ठोकून दिली. नाशिकच्या नवांपैकी रिचर्ड त्याच वर्षी वाटेत वारला. काही मागे राहिले, काही सोडून गेले, काही पुन्हा येऊन मिळाले. एडवर्ड गार्डनर मात्र 1866 पासून 1873 पर्यंत, म्हणजे सात वर्षे, त्या वाटेवर होता. आपल्या चार-सहा आठवड्यांच्या सेवेशेजारी ही सात वर्षे ठेवून पाहावीत.

या वाटेवरची एक गोष्ट तर कादंबरीकाराने सुचविली असती तर संपादकाने ‘फार नाट्यमय’ म्हणून कापली असती. नाशिकच्या मुलांतल्या एब्रॅमला एका खेड्यात त्याचा सख्खा चुलता भेटला. चुलत्याने सांगितले, तुला धरून नेल्यानंतर तुझी आई आणि दोन बहिणी यांनाही विकून टाकले. तो म्हणाला, राहा येथे. लिव्हिंग्स्टननेही त्याला राहा म्हणून सांगितले. एब्रॅम राहिला नाही. ज्या गावात आई नाही, बहिणी नाहीत, तेथे राहून करावयाचे काय? ज्या मुलाला ‘तुझा गाव कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर पुन्हा मिळूनही उपयोगी पडले नाही, त्याच्या मनात तेव्हा नाशिक हा गाव कितपत उरला असेल, याचा विचार करावयास आपल्याला कोणत्या परीक्षेची आवश्यकता आहे?

1872 साली आणखी सहा नाशिककर लिव्हिंग्स्टनला जाऊन मिळाले. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतलेच. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियात चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, लिव्हिंग्स्टन मेला. पुढे जे घडले ते सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण ज्यांनी घडविले त्यांच्या बाजूने ते क्वचितच सांगितले जाते. सुसी आणि चुमा यांना पुढारी करून या माणसांनी सभा भरविली. प्रेत देशी न्यावयाचे असे ठरले. काळीज तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. सामानाची यादी त्याने नीट लिहून काढली. ते अक्षर नाशिकच्या शाळेत वळविलेले होते. प्रेत उन्हात सुकवून, कापडात आणि सालीत गुंडाळून ही माणसे निघाली, ती हजार मैलांहून अधिक चालून 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्याला पोचली.

यानंतर लंडनने त्यांना काय म्हटले? इमानी. त्यांच्यासाठी साठ पदके पाडली, आणि त्यांवर शेवटपर्यंत इमानी राहिल्याची साक्ष कोरली. किनाऱ्यावर मात्र पगार चुकता करून बहुतेकांना आपापल्या वाटेला लावण्यात आले. जेकबला मिशनने विलायतेस नेले, म्हणून 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पेटी वाहणाऱ्यांत नाशिकच्या शाळेतला एक तरुण होता. सुसी आणि चुमा पोचले तेव्हा अंत्ययात्रा आटोपली होती.

‘इमानी’ हा शब्द मला खुपतो. इमान कुत्र्याचेही असते. या माणसांनी जे केले त्याला इमान म्हणणे म्हणजे त्यांची बुद्धी चोरणे आहे. वाटेत उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी त्यांना भेटला. त्याने सल्ला दिला, की प्रेत येथेच पुरा, पुढे नेऊ नका. साहेबाचा सल्ला! नुसते इमानी नोकर असते, तर ‘जी’ म्हणून कुदळी मागविल्या असत्या. त्यांनी साफ नाही म्हटले. पुढे प्रेत गावांतून नेऊ देणार नाहीत अशी चिन्हे दिसली, तेव्हा त्यांनी खोटी मोळी बांधून ‘प्रेत मागे पाठविले’ असा देखावा केला, आणि खऱ्या प्रेताला कापडाच्या गाठोड्याचे रूप देऊन ते पुढे नेले. सभा घेणे, यादी करणे, वरिष्ठाला नकार देणे, युक्ती लढविणे या सगळ्याला मराठीत नेतृत्व म्हणतात. तेच एखाद्या गोऱ्या कप्तानाने केले असते, तर शाळाशाळांतून त्याच्या चित्राखाली धडा लागला असता. यांना लागले ते एवढेच: ‘नासिक बॉइज’, नाशिकची पोरे. तिशी उलटली तरी पोरे. जो दुसऱ्याची सेवा करतो तो कधी वयात येत नाही, असा या शब्दाचा अर्थ आहे. आपल्या हॉटेलांतल्या पन्नाशीच्या ‘पोऱ्या’लाही तो चांगला ठाऊक आहे.

आता आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण हा विषय काढला की ते ठरलेल्या क्रमाने येतात.

पहिला आक्षेप : ही मिशनऱ्यांची भानगड; त्यांनी पोरे बाटविली, नावे बदलली, त्यांचा इतिहास त्यांनी सांभाळावा. मिशनला आपला हेतू होता हे मला कबूल आहे. धर्मांतर हा त्या आश्रमाचा पाया होता, आणि नावे पुसणे हा अन्यायच होता. पण गुन्हा मिशनचा असेल तर शिक्षा मुलांना का? ज्यांची नावे पाद्र्यांनी पुसली, त्यांची आठवणही आपण पुसावयाची, हा कोठला स्वदेशाभिमान? उलट मिशनच्या पुस्तकांवर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनीच ही गोष्ट हाती घेऊन निराळी सांगावयास हवी होती.

दुसरा आक्षेप : गुलामांचा व्यापार अरबांचा, पकडणारे इंग्रज, पोरे आफ्रिकेची, यात आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो अवघड जागेचा आहे. झांझिबारच्या सुलतानाची जकात मक्त्याने घेणारी पेढी जयराम शिवजी यांची, म्हणजे कच्छी भाटियांची होती. तेथल्या व्यापारात हिंदी सावकारांचे भांडवल खोलवर गुंतलेले होते, आणि ज्या व्यापाराला ते भांडवल पुरविले जाई त्यात हस्तिदंत, लवंग यांच्या जोडीला माणूसही होता. 1873 साली बार्टल फ्रिअरने झांझिबारला जाऊन सुलतानाशी बोलणी केली आणि त्याच वर्षी तेथला गुलामांचा बाजार बंद झाला, तेव्हा या हिंदी सावकारांकडेही त्याचे लक्ष होते. तेव्हा हात झटकण्यापूर्वी हातात काय होते ते पाहावे.

तिसरा आक्षेप : ते लोक गेले, येथे उरले नाहीत, मग स्मरण कोणाचे करावयाचे? गेले हे खरे. 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वसाहत निघाली. प्राइसच तेथे गेला, आणि नाशिकमुंबईचे दीडशेच्या आसपास आफ्रिकन तिकडे हलले. नाशिकचे असायलम बंद झाले. एकदा गलबतात घालून आणलेली माणसे पुन्हा बोटीत बसली. पण जाताना ती रिकाम्या हातांनी गेली नाहीत. सुतार, लोहार, शिक्षक, उपदेशक म्हणून त्यांनी तिकडे काम उभे केले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे त्याआधीच, 1864 च्या सुमारास, राबाईला गेले होते. 1885 साली त्यांना दीक्षा मिळाली, आणि केनियात धर्मदीक्षा मिळालेले ते पहिले आफ्रिकन ठरले. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन बुसोगात मारला गेला तेव्हा उरलेला काफिला सांभाळून किनाऱ्याकडे परत आणणारा हाच जोन्स. फ्रिअरटाउनात निघालेली धर्मशाळा पुढे लिमुरूला गेली, आणि आज ती सेंट पॉल्स विद्यापीठ म्हणून उभी आहे. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. म्हणजे आफ्रिकेने त्यांच्यावरची आपली मुद्रा ओळखली; आपणच ती ओळखीत नाही. पगारावरून आणि वागणुकीवरून त्यांनी फ्रिअरटाउनात साहेबांशी भांडणेही केली. मला त्याचा आनंद वाटतो. पोरे शेवटी मोठी झाली होती.

फ्रिअरटाउनची घंटा मोंबासात अद्याप आहे. त्या जागेला ‘केंगेलेनी’ म्हणतात, म्हणजे स्वाहिलीत घंटेची जागा. गुलाम पकडणारे आले की ती वाजवीत असत, असे सांगतात. तेथे घंटेवरून जागेचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, आणि घंटा का होती हेही राहिले. येथे शरणपूर हे नाव राहिले आणि अर्थ गेला.

मलिक अंबर आपल्याला आठवतो. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला तो माणूस निजामशाहीचा आधार झाला, त्याने मोगलांना झुंजविले, जमिनीची मोजणी केली; ते आपण अभिमानाने शिकवितो, आणि तसे शिकवावेच. पण त्याच्या हाती तलवार होती म्हणून तो आठवतो, जंजिऱ्याच्या सिद्द्याला तोफा होत्या म्हणून तो आठवतो. जेकब वेनराइटच्या हाती टाक होता, गार्डनरच्या पाठीवर ओझे होते. टाक आणि ओझे यांना इतिहासात जागा नाही, असे आपण मुलांना न बोलता शिकवीत आहोत. माझ्या हातून गेलेल्या पाठ्यपुस्तकांत शरणपूरच्या या मुलांचा धडा मला कधी भेटला नाही. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकच्या पुढे कोणत्याही विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. पण फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला की वर्गातून पहिला शब्द कोणता येतो, हे मला कोणत्याही पंडितापेक्षा अधिक ठाऊक आहे. जंगल. दुसरा येतो, सिंह. तिसरा शब्द हसण्याबरोबर येतो, तो येथे लिहीत नाही. दहा वर्षांच्या मुलाला तो शब्द कोणी शिकविला? आपण. जे सांगितले नाही त्याने शिकविला.

आणि हा प्रश्न केवळ स्मारकाचा नाही. 2016 साली बेंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. 2017 साली ग्रेटर नोइडात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना बाजारात काठ्यांनी आणि खुर्च्यांनी बडवले. आफ्रिकेतून शिकावयास आलेल्या मुलाला खोली भाड्याने देताना आपल्याकडचा घरमालक काय काय विचारतो, हे ज्याने एकदा ऐकले आहे त्याला पुढचे सांगावयास नको. ज्या समाजात आपल्या मुलाने आफ्रिकेत जाऊन चार आठवडे भांडी घासली तर त्याचा सत्कार होतो, आणि आफ्रिकेतला मुलगा चार वर्षे शिकावयास आला तर त्याला जिना चढू देत नाहीत, त्या समाजाने सेवा हा शब्द काही दिवस बाजूला ठेवावा. प्रथम शेजार शिकावा. सेवा नंतरही करता येते.

मला काय हवे आहे ते सरळ सांगतो. शरणपूर रस्त्याच्या तोंडाशी एक साधी पाटी हवी. संगमरवर नको, उद्घाटनाला मंत्रीही नकोत. तीवर नावे असावीत : जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, एडवर्ड गार्डनर, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, आणि ज्यांची नावे नोंदविलीच गेली नाहीत ते सर्व. ‘इमानी’ हा शब्द तीवर नसावा, आणि ‘पोरे’ हा तर मुळीच नसावा. नाशिकच्या शाळांत चौथीच्या मुलाला पंचवटीबरोबर शरणपूरही दाखवावे. आणि आफ्रिकेत सेवेसाठी निघालेल्या तरुणाला विमानात बसण्यापूर्वी एवढे सांगावे : बाबा रे, तू पहिला नव्हेस. ही वाट तुझ्या गावावरून आधीच गेली आहे. ज्यांनी ती पाडली त्यांना परतीचे तिकीट नव्हते, आणि परत आल्यावर त्यांचा लेखही कोणी छापला नाही. 1874 साली जेकबने लिहिलेल्या रोजनिशीचे जर्मन भाषांतर लगेच प्रसिद्ध झाले. त्याच्या हातचे मूळ पान वाचावयास जगाला 2019 साल उजाडावे लागले. आणि ते उजाडले तेही नाशिकमुळे नव्हे.

जेकब 1892 साली टांझानियात उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत जगला आणि मोंबासात गेला. म्हणजे नाशिकच्या शाळेत शिकलेला हा माणूस गेला तेव्हा काळारामाचा सत्याग्रह होऊन पाच वर्षे झाली होती. इतका तो जवळचा आहे. एका मंदिराच्या दाराशी ‘आम्ही माणसे आहोत’ एवढेच सांगावयास हजारो लोक जमले, त्या शहराला आपल्याच आश्रमातल्या या माणसांची ओळख पटावयास आणखी किती वर्षे लागणार आहेत?